टायर वाचता येतो का तुम्हाला?



सुरुवातीलाच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी आम्हाला होतं, पण ते फक्त पास होण्यापुरतं. त्यामुळे 'मराठी विभागासाठी एक लेख दे' असं संपादक मंडळातल्या माझ्या रूममेटने सांगितलं तेव्हा पोटात गोळाच आला. शेवटी तिने धमकी दिली की लेख मिळेपर्यंत इलेक्ट्रिक केटल मिळणार नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना या धमकीचं वजन सांगायला नको. ऱ्हस्व-दीर्घ तिनेच तपासले आहेत, चुका सापडल्या तर तिला धरा. विषय मात्र माझा मी निवडला आहे, आणि त्याला कारण आहे.

२०२४ ची दिवाळी. मी तेव्हा सेकंड इयरला होते. धनत्रयोदशीच्या दिवशी आई-बाबा मला न्यायला कोल्हापूरहून पुण्याला आले होते. जून महिन्यात बाबांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली होती. सेकंडहँड, २०१२ चं मॉडेल, पण अगदी चकाचक. विकणारा म्हणाला होता, "साहेब, अठ्ठावीस हजार किलोमीटरच झालीय. टायर बघा, नव्यासारखे आहेत." आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिले. खरंच नव्यासारखे होते. काळे कुळकुळीत, खाचा खोल.

परत जाताना साताऱ्याच्या पुढे, उंब्रजच्या अलीकडे, दुपारी अडीचच्या सुमारास मागचा डावा टायर फुटला. बाबा साधारण ऐंशीच्या स्पीडने चालवत होते. बंदुकीसारखा आवाज आला, गाडी एकदम ओढली गेली, बाबांनी घाबरून जोरात ब्रेक दाबला आणि गाडी गर्रकन फिरून दुभाजकावर आदळली. मागे ट्रक नव्हता म्हणून मी आज हा लेख लिहिते आहे. मला आणि बाबांना किरकोळ लागलं. आईचा उजवा हात मोडला. माझी आई घरी शिवणकाम करते. दिवाळीनंतर लग्नसराई सुरू होते आणि तेच तिचे कमाईचे दिवस असतात. ती पूर्ण सीझनभर प्लॅस्टर घालून मशीनकडे बघत बसली.

नातेवाईक भेटायला यायचे आणि प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, "स्पीड जास्त असणार." बाबा काही बोलायचे नाहीत. त्यांनी गाडी चालवणंच सोडून दिलं.

पण मला एक गोष्ट आठवत होती. अपघातानंतर जवळच्या पंक्चरवाल्या मामांनी ते चाक काढलं, उलटं करून बॅटरीच्या उजेडात बघितलं आणि म्हणाले, "ताई, नवा दिसतोय खरा, पर म्हातारा हाय ह्यो टायर. हितं लिवलंय की." त्यांनी बोट ठेवलं तिथे चार आकडे होते : २३१२. मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी. एसएफडी, बीएमडी झोपेत काढते. पण ते चार आकडे मला वाचता आले नाहीत. त्याची लाज वाटली म्हणून मी सुट्टीत वाचायला सुरुवात केली. त्यातलं जे कळलं ते इथे सांगते.

आधी थोडा इतिहास

रबराच्या झाडाचा चीक माणसाला फार पूर्वीपासून माहीत होता, पण त्याचा उपयोग मर्यादित होता. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत ठिसूळ. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर या गृहस्थाने यावर उपाय शोधायचा ध्यास घेतला. १८३९ मध्ये त्याला सापडलं की रबरात गंधक मिसळून तापवलं तर ते ना उन्हात वितळतं ना थंडीत तडकतं. यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात. रबराचे लांबच लांब रेणू ताटात सांडलेल्या शेवयांसारखे एकमेकांवरून घसरत असतात. गंधक त्यांच्यामध्ये गाठी मारतो. मग रबर ताणलं तरी पुन्हा मूळ आकारात येतं. (गंधकाच्या या गाठी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.) १८४४ मध्ये गुडइयरला पेटंट मिळालं, पण १८६० मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. आज त्याच्या नावाची जी कंपनी आहे ती १८९८ मध्ये दुसऱ्याच लोकांनी काढली, फक्त नाव सन्मान म्हणून दिलं.

हवेचा टायर कोणी शोधला असं विचारलं तर आपण सगळे डनलॉप म्हणतो. खरं तर रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनिअरने १८४५ मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं. वय किती? तेवीस! म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलांपेक्षा एक-दोन वर्षांनी मोठा. पण तेव्हा मोटारही नव्हती आणि आजच्यासारखी सायकलही नव्हती. त्याच्या शोधाला चाकच मिळालं नाही म्हणा ना! लोक विसरून गेले. पुढे १८८७-८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर बनवला. डनलॉप हा व्यवसायाने जनावरांचा डॉक्टर. त्याला थॉमसनची माहितीच नव्हती. नंतर ते जुनं पेटंट उजेडात आलं आणि डनलॉपचं पेटंट रद्द झालं, पण तोपर्यंत सायकलींमुळे टायरचा धंदा जोरात सुरू झाला होता.

मोटारीला हवेचा टायर लावायचं धाडस फ्रान्सच्या मिशलॅं बंधूंनी केलं. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत ते स्वतः तशी गाडी घेऊन उतरले. वाटेत असंख्य पंक्चर झाली, पण एक गोष्ट सिद्ध झाली की मोटार हवेवर चालू शकते.

सुरुवातीचे टायर काळे नव्हते बरं का! रबराचा मूळ रंग फिकट, म्हणून टायरही पांढरट असायचे. मिशलॅं कंपनीचा तो टायरांचा गुबगुबीत माणूस पांढरा का, याचं उत्तर इथे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्षात आलं की रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची काजळी, मिसळली तर टायर कितीतरी पटीने जास्त टिकतो आणि उन्हापासूनही वाचतो. तेव्हापासून टायर काळा झाला तो झालाच.

दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया आणि आजचा इंडोनेशिया जिंकला, तेव्हा अमेरिकेचं नैसर्गिक रबर जवळजवळ बंद झालं. मग सिंथेटिक रबराचे कारखाने युद्धपातळीवर उभे राहिले. आजच्या कारच्या टायरमध्ये नैसर्गिक आणि सिंथेटिक दोन्ही रबर असतात.

आता आपल्या अभ्यासक्रमाशी संबंधित भाग. टायरची ताकद नुसत्या रबरात नसते, त्याच्या आतल्या धाग्यांत असते. जुन्या टायरमध्ये हे धागे तिरपे, एकमेकांना छेद देणारे असत. त्याला बायस किंवा क्रॉस प्लाय म्हणतात. मिशलॅंने १९४६ मध्ये वेगळ्या रचनेचं पेटंट घेतलं आणि १९४९ मध्ये तो टायर बाजारात आणला. यात धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात, आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. हाच रेडियल टायर. यात बाजूची भिंत लवचिक राहते आणि तळ सपाट टेकतो. त्यामुळे टायर कमी तापतो, कमी झिजतो, पेट्रोलही वाचतं. जवळपास याच काळात, १९४७ मध्ये, अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीने ट्यूबलेस टायर जाहीर केला. ट्यूबमध्ये खिळा घुसला तर हवा भसकन जाते. ट्यूबलेसमध्ये आतला रबराचा थर खिळ्याला घट्ट धरून ठेवतो, हवा हळूहळू जाते. जीव वाचवायला तेवढा वेळ पुरतो.

आपल्याकडे डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला सुरू झाला. सचिनच्या बॅटवर आपण ज्या एमआरएफचं नाव पाहिलं ती मद्रास रबर फॅक्टरी. १९४६ मध्ये तिची सुरुवात खेळण्यातले फुगे बनवण्यापासून झाली. आणि भांडुप-नाशिकवाल्यांच्या परिचयाची सिएट मूळची इटलीतल्या तुरीन शहरातली. त्या नावाच्या इटालियन अर्थात टायर नाहीच, 'तुरीनच्या विजेच्या केबल आणि तत्सम वस्तू' असा आहे!

एक गंमत. आपण जादा चाकाला 'स्टेपनी' म्हणतो. हा शब्द वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक विकायला सुरुवात केली. आपण अजून त्या गल्लीचं नाव घेतोय!

आता टायर वाचू या

आमच्याच गाडीचा टायर घेऊ. त्याच्या भिंतीवर लिहिलंय : १४५/८० आर १२ ७४ टी.

१४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.

८० म्हणजे ८० मिलिमीटर नव्हे, इथे सगळे फसतात. ही टक्केवारी आहे. भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १४५ × ०.८० = ११६ मि.मी.

आर म्हणजे रेडियल. (रेडियस नव्हे. व्हायव्हामध्ये मी स्वतः हे उत्तर दिलं असतं.)

१२ म्हणजे ज्या रिमवर टायर बसतो तिचा व्यास, आणि तो इंचांत! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. सरांनी आमच्या उत्तरपत्रिकेत असं पाहिलं असतं तर युनिटचे मार्क कापले असते.

आता पूर्ण चाकाचा व्यास काढू. रिम १२ × २५.४ = ३०४.८ मि.मी. त्यात वरची आणि खालची भिंत मिळवा, ३०४.८ + ११६ + ११६ = ५३६.८ मि.मी. याला पायने गुणलं की परीघ येतो १६८६ मि.मी., म्हणजे सुमारे १.६९ मीटर. एका किलोमीटरला चाक साधारण ५९३ वेळा फिरतं. स्पीडोमीटर याच हिशोबावर चालतो. म्हणून 'रुबाबदार दिसतात' म्हणून भलतेच मोठे टायर टाकले की काटा खोटं बोलायला लागतो.

७४ हा लोड इंडेक्स. हे किलो नव्हेत, कोष्टकातला नंबर आहे. ७४ म्हणजे एका टायरला ३७५ किलो. ८२ म्हणजे ४७५, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५ किलो.

टी हे वेगाचं अक्षर. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी १९०, एच २१०, व्ही २४०. एच हे अक्षर यू आणि व्हीच्या मध्ये येतं. इंग्लिश मीडियमवाल्यांनाही ही बाराखडी चुकते!

हे वजन आणि हा वेग टायर चांगला असेल आणि हवा बरोबर असेल तेव्हाचे. टायरवर कमाल हवेचा आकडाही कोरलेला असतो. तो आपण भरायचा आकडा नव्हे. आपला आकडा गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो, आणि हवा टायर थंड असताना मोजायची.

बाकीच्या खुणा पटापट सांगते. बाण असेल तर चाक त्याच दिशेला फिरलं पाहिजे. 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर. गोलात ई आणि आकडा असेल तर तो युरोपातल्या मान्यतेचा शिक्का, आकडा देशाचा. आपल्याकडे कारच्या टायरवर आयएसआय मार्क आणि आयएस १५६३३ हा नंबर पाहायचा. काही टायरवर ट्रेडवेअर, ट्रॅक्शन, टेंपरेचर असे तीन शब्द असतात. ही अमेरिकन पद्धत. ट्रेडवेअर ३०० म्हणजे सरकारी चाचणीत १०० वाल्यापेक्षा तिप्पट टिकला. ट्रॅक्शन ही ओल्या रस्त्यावरची पकड, त्यात एए सर्वांत चांगला. टेंपरेचरमध्ये ए सर्वांत चांगला. युरोपात तर २०१२ पासून नव्या टायरबरोबर फ्रिजसारखं रंगीत लेबल येतं. इंधनाची बचत, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज. २०२१ पासून त्यातल्या पहिल्या दोन गोष्टींना ए ते ई अशा पायऱ्या आहेत. आपल्याकडेही बीईईने टायरसाठी स्टारचं लेबल आणलं आहे, तेच आपल्या फ्रिज-एसीवर असतं ते.

खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात आणि भिंतीवर टीडब्ल्यूआय किंवा छोटा त्रिकोण असतो. तो उंचवटा १.६ मि.मी. उंच असतो. वरचा भाग झिजून त्याच्या पातळीला आला की टायर संपला. खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात. त्या नसतील तर पावसात टायर रस्त्याला न टेकता पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही नुसते शोभेला उरतात. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन विभागाने टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या, ते यासाठीच.

आणि ते चार आकडे

डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे टायरचा जन्मदाखला. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१२ म्हणजे २०१२ चा तेविसावा आठवडा. म्हणजे आमचा 'नव्यासारखा' टायर बारा वर्षांचा होता! गाडी उभीच राहिल्यामुळे तो झिजला नव्हता, पण म्हातारा मात्र झाला होता. बऱ्याच टायरवर तारीख एकाच बाजूला असते. आमची नेमकी आतल्या बाजूला होती, म्हणून वाकून पाहिलं तरी दिसली नसती.

उभा टायर म्हातारा कसा होतो? मघाशी गंधकाच्या गाठी सांगितल्या ना? गुडइयरने मोजून मारलेल्या त्या गाठी. टायर नुसता उभा असला तरी हवेतला ऑक्सिजन आणि ऊन आपलं काम करत राहतात. काही गाठी तुटतात, काही नको तिथे नव्या बसतात. रबर कडक होतं. ओझोनमुळे भिंतीवर बारीक भेगा पडतात. वरून पॉलिश मारलं की त्या दिसत नाहीत.

आता हिशोब करा. ताशी ९० च्या वेगाने आमचं चाक सेकंदाला जवळजवळ पंधरा वेळा फिरतं, म्हणजे टायरच्या भिंतीचा प्रत्येक भाग सेकंदाला पंधरा वेळा दबतो आणि सुटतो. ऐंशीच्या वेगाला तेरा वेळा. प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, यालाच आपण हिस्टेरिसिस म्हणतो (परीक्षेत व्याख्या लिहिली होती, अर्थ आत्ता कळला). हवा कमी असेल तर भिंत जास्त दबते, जास्त तापते. आणि कडक झालेलं रबर हे दबणं सोसत नाही.

इथे मला खरं सांगायला हवं. आमच्या गाडीत जूनपासून दिवाळीपर्यंत कोणी हवा तपासली नव्हती. तीही चूक होती, आणि ती आमची होती. तीन माणसं, फराळाचे डबे, हॉस्टेलचं सामान, कमी हवा आणि बारा वर्षांचा टायर. स्पीड त्या यादीत फार खाली येतो.

हे सगळं मी एका कागदावर आकृत्या काढून बाबांना दाखवलं. नंतर दोघं पार्किंगमध्ये गेलो आणि बाकीची चाकं पाहिली. सगळी २३१२. स्टेपनीसुद्धा. म्हणजे अपघातानंतर आम्ही बदलून लावली तीसुद्धा तेवढीच म्हातारी होती. बाबा बराच वेळ उकिडवे बसून होते. मग म्हणाले, "मला वाटत होतं, आईचा हात मी मोडला." मला काय बोलावं सुचलं नाही. त्या आठवड्यात पाचही टायर बदलले. आता बाबा पुन्हा गाडी चालवतात. आईचा हात बरा आहे, पण थंडीत दुखतो.

एवढं तरी करा

१. हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या आपापल्या बाइकचे आणि सुट्टीत घरच्या गाडीचे शेवटचे चार आकडे वाचा. आतली बाजूही बघा. स्टेपनी विसरू नका.

२. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या. दहा वर्षं झाली की खाचा कितीही खोल असोत, बदला. काही टायर कंपन्या स्वतःच असं सांगतात.

३. नवा टायर घेतानाही तारीख बघा. दुकानात दोन-तीन वर्षं पडलेला 'नवा' टायर दुसऱ्याला घेऊ दे.

४. महिन्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासाआधी, थंड टायरमध्ये हवा तपासा. नायट्रोजन भरला म्हणून तपासायची गरज नाही असं नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

५. टायर फुटलाच तर ब्रेकवर उभे राहू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, गाडी आपोआप मंदावू द्या. हे बाबांना कोणी सांगितलं नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्येही नाही.

जाता जाता एक शेवटचं गणित. माणसं धरून आमची गाडी साधारण हजार किलोची. एका चाकावर अडीचशे किलो. हवा ३० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. भागाकार करा. टायर रस्त्याला टेकतो ती जागा येते सुमारे १२० चौरस सेंटिमीटर. आपल्या तळहाताएवढी. अशा चार तळहातांवर आपलं अख्खं घर ताशी ऐंशीच्या वेगाने जात असतं.

दिवाळीला घरी जाल तेव्हा गाडीत बसण्याआधी दोन मिनिटं खाली वाका. पंक्चरवाल्या मामांना जे वाचता येतं ते आपल्यालाही यायला हवं, नाही का?

चूकभूल द्यावी घ्यावी. आणि रूममेट, केटल परत दे!